जीपचं स्टिअरिंग आणि बाबांचे हात

आमच्या घरी सकाळ भोंग्याने व्हायची, पण बाबा भोंग्याच्या आधीच उठलेले असत. कारखान्याचा तो भोंगा पिपलानीपासून पार इंद्रपुरीपर्यंत ऐकू जायचा. टाऊनशिपमधल्या सगळ्या क्वार्टरांमध्ये त्या एका आवाजावर कुकर चढत, पोरं हलवून उठवली जात आणि व्हरांड्यातल्या सायकली खाली उतरत. आई पुण्याची, बाबा नागपूरचे आणि मी भोपाळची, त्यामुळे आमच्या स्वयंपाकघरात रोज सीमावाद चाले. आईच्या आमटीत गूळ पडायचा, बाबा त्यावर तिखटाचं तेल ओतून घ्यायचे, आणि मला पोह्यांवर बोटभर शेव आणि शेजारी गरम जिलबी लागायची. "हे कुठलं बाई खाणं," असं आई दर रविवारी म्हणायची आणि दर रविवारी माझ्या ताटलीतल्या जिलबीचा एक तुकडा मोडून घ्यायची. घर दोन खोल्यांचं, पण अंगण ऐसपैस होतं. त्यात कढीपत्ता, एक पेरू आणि आईच्या मते नको तिथे उभी असलेली बाबांची जीप.

बाबा कारखान्यात रोटर बॅलन्सिंगच्या खात्यात होते. वीजघरातल्या यंत्राच्या पोटात जो फिरणारा अगडबंब दांडा असतो, तो रोटर. तो एका बाजूला जरासा जड राहिला तर फिरताना सगळं यंत्र हादरतं. ती जड जागा शोधायची, समोरच्या अंगाला तेवढंच वजन बसवायचं आणि रोटर शांत करायचा, हे त्यांचं काम. कंप मोजायला उपकरणं होतीच, पण बाबा आधी दांडा ज्यात फिरतो त्या बेअरिंगच्या डोक्यावर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि मग काट्याकडे बघायचे. बहुतेक वेळा हाताने सांगितलेलंच काटा सांगे. वर्षातून एकदा घरच्या मंडळींना कारखाना दाखवत, तेव्हा त्यांनी माझाही हात तिथे ठेवला होता. आत केवढं तरी धूड गरगरत होतं. "काय लागतंय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "काहीच नाही." "तेच," बाबा म्हणाले आणि इतके खूश झाले की मला वाटलं, आपण परीक्षेत पहिल्या आलो. त्यांना दुसरा कसला गर्व नव्हता. कपडे आई घेईल ते, बोलणं बेताचं, मराठी मंडळाच्या नाटकात त्यांना कायम दारवानाचं काम. पण हाताचा गर्व होता, आणि तो शोभायचाही.

जीप त्यांनी एका सरकारी लिलावातून आणली होती. तिला छत कापडाचं, दारं नव्हतीच, आणि ती चालू झाली की मागे बसणाऱ्याला फक्त स्वतःचे दात वाजलेले ऐकू यायचे. त्या वर्षी मंडळाची कोजागिरी रायसेन रस्त्याच्या पलीकडे एका सभासदाच्या शेतावर ठरली. दुधाचं पातेलं, सतरंज्या आणि पेटी जीपमधून न्यायची होती. शेताच्या वाटेवर एक दगडी नाला होता, आणि त्यात आमची जीप पोटावर बसली. मागून आलेले वानखेडेकाका, म्हणजे आमचे शेजारी, कारखान्याच्या ऑफिसातले हेडक्लार्क आणि मूळचे अमरावतीचे, काठावर उभे राहून म्हणाले, "साहेब, तुमची जीप तं पोटावर सरपटते ना बाप्पा. पाय लावा तिले, पाय." सगळं मंडळ हसलं. त्यानंतर महिनाभर, नाल्यात सांडलेल्या दुधापासून सरकारी लिलावापर्यंत, एकही टोमणा जीपला चुकला नाही. दिवाळीनंतर एका शनिवारी बाबा लहान ट्रकला लागतात तसले उंच, जाडजूड टायर घेऊन आले. जुनेच होते, पण त्यांच्यावर नवं रबर चढवलेलं होतं. जीप एकदम हातभर उंच झाली. आईला चढायला पाट ठेवावा लागला आणि वानखेडेकाकांनी रस्त्यापलीकडून हात जोडले.

टायर बसवण्याआधी बाबांनी प्रत्येक चाक घरीच बॅलन्स केलं होतं. अंगणात दोन लाकडी ठोकळे, त्यांवर बेअरिंगमध्ये अडकवलेला दांडा आणि दांड्यात चाक. चाक हलकेच फिरवायचं आणि सोडायचं. जड बाजू आपोआप खाली येऊन थांबते. मग वरच्या बाजूला शिशाचा तुकडा लावायचा आणि पुन्हा सोडायचं. शेवटी चाक कुठेही थांबतं, त्याला खालवर उरत नाही. हे सगळं बाबा इतक्या प्रेमाने करत होते की आईने चहा आणून ठेवला तो निवला. "याच्याएवढं बॅलन्स्ड चाक भोपाळात कोणाकडे नसेल," ते म्हणाले, आणि ते खरंच असणार. पण रायसेन रस्त्याला लागल्यावर, वेगाचा काटा पन्नासच्या आसपास गेला की स्टिअरिंग थरथरायला लागलं. बाबांनी घरी येऊन चाकं काढली, पुन्हा ठोकळ्यांवर चढवली, पुन्हा तपासली. कुठेही खोट नव्हती. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. पुन्हा काढली. स्टिअरिंगचे सांधे पाहिले, नटबोल्ट आवळले, सगळं घट्ट होतं. मग त्यांनी चाकं काढणं सोडून दिलं. आम्हाला वाटलं, खोड मोडली असेल जीपची.

मोडलं होतं ते दुसरंच. बाबांचे वडील, आमचे अण्णा, नागपूरला शाळामास्तर होते आणि त्यांच्या अक्षराची मुलं नक्कल करत. उतारवयाच्या पुष्कळ आधीच त्यांना कंपवात झाला. आधी उजव्या हाताचा अंगठा, मग हात, मग दोन्ही हात. मी पाहिले ते अण्णा म्हणजे आजीने घास भरवायचे आणि त्यांनी शरमेने भिंतीकडे बघायचं. बाबांनी हिशेब असा केला: चाक मी स्वतः बॅलन्स केलं आहे, दोनदा तपासलं आहे, म्हणजे चाक थरथरत नाही. स्टिअरिंग तर थरथरतंय. मग थरथरतोय तो धरणारा. त्यातच एकदा लांबून गाडी चालवून आल्यावर त्यांच्या हातातला कप बशीवर किणकिणला. तेवढा पुरावा त्यांना पुरला. हे सगळं त्यांनी मला पुढे, माझं लग्न झाल्यावर, सांगितलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं की बाबा बोलेनासे झाले आहेत आणि हात खिशात घालून हिंडतात.

हळूहळू घराचा सूर बदलला. बाबा दाढी करायला न्हाव्याकडे जायला लागले. पेरूच्या फांद्या छाटायच्या राहिल्या. माझ्या ओढणीत काटा अडकला तर ते म्हणाले, "आईकडे जा." आईने विचारलं काहीच नाही, पण ती बशी द्यायची बंद झाली आणि कप अर्धाच भरायला लागली. रात्री दुधात अश्वगंधा घालून द्यायची, आणि वर "थंडी आहे ना" म्हणायची. थंडी ओसरायला लागली तरी ती म्हणतच राहिली. एके दुपारी वानखेडेकाका बाबा घरी नाहीत असं बघून आले आणि पायरीवरच उभे राहिले. "वहिनी, साहेब प्लॅनिंगात बदली मागणार म्हणते. सोमवारी मोठ्या साहेबांशी बोलणार हाये. मले विचारत होते, जागा हाये का टेबलाची. काय झालं हो? खात्यात कोणाशी वाजलं का?" आई म्हणाली, "नाही हो, कंटाळले असतील." काका गेले आणि आई पोळपाट-लाटणं समोर घेऊन नुसतीच बसून राहिली. प्लॅनिंग म्हणजे टेबल, कागद आणि पंखा. बॅलन्सिंग सोडून टेबलावर बसलेले बाबा आम्हा दोघींनाही डोळ्यांपुढे आणता येईनात. खात्यातही त्यांचं बिनसलंच होतं. ते हात ठेवायचे, हाताला हलल्यासारखं वाटायचं आणि काटा मात्र शांत असायचा. "रोटर थरथरतोय की मी, हे ज्याला कळत नाही त्याने त्या यंत्राजवळ उभं राहू नये," असं ते पुढे मला म्हणाले. तेव्हा तेच त्यांनी ठरवून टाकलं होतं.

आता माझी एक डॉक्टर मैत्रीण अरेरा कॉलोनीत राहते. तिला मी हे सांगितलं तर ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं, कंपवाताचा हात मांडीवर स्वस्थ असताना थरथरतो आणि कामाला लागला की उलट निवळतो. तुझ्या बाबांचं नेमकं उलटं होतं. कुणालाही विचारलं असतं तर मिनिटात सुटका झाली असती." बरोबर आहे. पण विचारणं हेच तर त्यांना जमत नव्हतं. टाऊनशिपच्या दवाखान्यात जायचं म्हणजे रांगेत चार ओळखीचे, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या सेक्टरला बातमी. आणि जीप दुसऱ्या कोणाला चालवायला दिली असती तर निकाल तिथेच लागला असता, म्हणूनच त्यांनी ती कोणाला दिली नाही. त्याच्या हातात स्टिअरिंग शांत राहिलं असतं तर? आशेला जागा ठेवायची तर शंका मिटवून चालत नाही, माणूस असा विचित्र असतो.

त्या सोमवारच्या आदल्या दिवशी आम्ही त्याच शेतावर हुरड्याला गेलो होतो. हुरडा फार छान होता, कोवळा, लसणीच्या चटणीबरोबर खायचा, पण बाबांनी दोन मुठी खाल्ल्या आणि शेकोटीकडे बघत बसले. परत निघालो. आई मागे, मी पुढे बाबांच्या शेजारी. मोठ्या रस्त्याला लागल्यावर थोड्या वेळाने मला त्यांचे हात दिसले. स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की बोटांची पेरं पांढरी पडली होती. समोरून भरधाव बस आली, ती गेली, आणि बाबांनी जीप एकदम रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवून ते उतरले, वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि म्हणाले, "सरक तिकडे. तू चालव."

मला त्यांनीच शिकवलं होतं, पण टाऊनशिपच्या आतल्या रिकाम्या रस्त्यांवर, कासवाच्या चालीने. शिकाऊ परवाना खिशात होता, पण मोठ्या रस्त्यावर मी कधीच चालवली नव्हती. मागून आई म्हणाली, "अहो, आत्ता? इथे?" बाबा म्हणाले, "पुढे तिलाच चालवावी लागणार आहे. आज काय नि उद्या काय." मी सरकले. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. बाबा बाहेर शेतांकडे बघत होते. रस्ता मोकळा होता, मला हुरूप आला, मी चौथा टाकला. आणि काटा वर चढता चढता स्टिअरिंग माझ्या हातात वळवळायला लागलं. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय.

"बाबा, हे असंच थरथरतं का? की मी चुकीचं धरलंय?"

ते वळले. "काय म्हणालीस?"

"स्टिअरिंग. हातात ठरतच नाहीये."

बाबा माझ्या हातांकडे बघत राहिले. मग अगदी हळू, कारखान्यात बोलत असतील तशा आवाजात म्हणाले, "वेग कमी कर." मी केला. थरथर गेली. "आता वाढव." वाढवला. आली. "कमी." गेली. "वाढव." आली. आमची जीप रायसेन रस्त्यावर अशी पुढेमागे झोके घेत चालली होती आणि मागून एक ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. शेवटी तो बाजूने पुढे जाताना खिडकीतून डोकं काढून ओरडला, "अरे बहनजी, चलाना है तो चलाओ, नहीं तो घर जाओ." बाबांनी त्याला हसून हात केला. मी त्यांना कित्येक आठवड्यांत हसताना पाहिलं नव्हतं.

मागे इंजिनाच्या आवाजात आईला काही कळत नव्हतं. "अहो, पोरीला असे झटके काय द्यायला लावताय?" ती ओरडली. बाबा सीटवर उलटे वळले. "ऐकलंस का, हिच्या हातातही थरथरतंय." आई क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने पदर तोंडाला लावला आणि ती रडायला लागली. बाबांना वाटत होतं, आपण इतके दिवस सगळं लपवून ठेवलंय. "तुला माहीत होतं?" "मला काय डोळे नाहीत?" आई रडता रडता म्हणाली. "अण्णांना घास मीही भरवलाय." मला तर काहीच माहीत नव्हतं, मी घाबरून जीप थांबवली. तिथेच, एका बाभळीखाली, बाबांनी मला थोडक्यात सांगितलं, म्हणजे एवढंच की "मला वाटलं होतं, माझे हात गेले". मग आई पुढे येऊन आम्हा दोघांच्या मध्ये अवघडून बसली, मी जीप पुन्हा पन्नासला नेली आणि बाबा तिला म्हणाले, "तूही धर." तिने बांगड्या मागे सारून दोन बोटं स्टिअरिंगवर टेकवली. "हो हो," ती म्हणाली, "केवढं थरथरतंय मेलं." आयुष्यात तिने यंत्राबद्दल इतक्या आनंदाने दुसरं काही म्हटलं नसेल.

घरी पोचल्यावर बाबांनी तोंडही धुतलं नाही. जॅक लावला, पुढचं चाक उचललं. आता मन मोकळं झालं होतं, त्यामुळे डोकं चालायला लागलं. ते म्हणाले, "चाकाचं वजन मी बघितलं. वजनाशिवाय दुसरं काय असतं चाकाला?" आणि स्वतःच थांबले. मग आईच्या शिवणाच्या डब्यातला खडू मागवला, दोन विटा रचल्या, त्यांवर हात टेकवून खडू टायरच्या अगदी जवळ, पण न टेकेल असा धरला आणि मला चाक हळूहळू फिरवायला सांगितलं. चाक फिरलं. खडू कुठेच लागत नव्हता, लागत नव्हता, आणि एके जागी खर्रकन लागला. पुन्हा फिरवलं, पुन्हा तिथेच. काळ्या रबरावर वीतभर पांढरा पट्टा उमटला आणि बाकी सगळा टायर कोराच. रबर चढवणाऱ्याने त्या अंगाला ते जास्त जाड चढवलं होतं. माझ्या लक्षात आलं नाही. बाबा मात्र त्या पट्ट्याकडे बघत जमिनीवरच बसले.

"हे गोलच नाही," ते म्हणाले.

जाड बाजूचं वजन शिशाने बरोबर तोललं गेलं होतं, म्हणून चाक दांड्यावर देवासारखं शांत बसत होतं. पण रस्त्यावर ती उंच बाजू दर फेऱ्याला जमिनीला ढुशी देत होती. वजनाला बरोबर, आकाराला वाकडं. इतकी साधी गोष्ट बाबांसारख्या माणसाच्या ध्यानात का येऊ नये? कारण त्यांच्या खात्यात येणारा प्रत्येक रोटर आधी लेथवर तासून, मोजून, गोल झाल्याची खात्री करूनच येत असे. गोल करणं हे शेजारच्या खात्याचं काम. सबंध नोकरीत त्यांच्यापुढे वाकडी वस्तू कधी आलीच नव्हती, मग ते गोलाई कशाला तपासतील? टाऊनशिपमधली आम्ही सगळीच माणसं अशी होतो. आपल्या खात्यापुरतं पक्कं माहीत, आणि पलीकडच्या खात्यावर डोळे मिटून विश्वास. पाणी आलं नाही तर आम्हाला आश्चर्य वाटायचं. बाबांनी सगळ्यांवर विश्वास ठेवला, फक्त स्वतःच्या हातांवर ठेवला नाही. तेव्हा मला त्यांचं हसू आलं होतं. आता वाटतं, भीती ही अशीच चोरपावलांनी येते आणि नेमकं आपलं सगळ्यात चांगलं असेल तिथे हात घालते.

सोमवारी ते कामावर गेले ते थेट बॅलन्सिंगला. मोठ्या साहेबांकडे गेलेच नाहीत. वानखेडेकाका संध्याकाळी चौकशीला आले. "काय साहेब, प्लॅनिंगचं काय झालं?" बाबा म्हणाले, "तिथे पंखा फार जोरात असतो म्हणे, सर्दी होईल." काकांनी आईकडे पाहिलं, आईने आभाळाकडे पाहिलं, आणि काका चहा पिऊन गेले. त्यांना खरं काय ते कधीच कळलं नाही. आता ते नाहीत, म्हणून लिहायला हरकत नाही. नाहीतर त्यांनी बाबांना उरलेलं सगळं आयुष्य चिडवलं असतं.

तो टायर बाबांनी काढला आणि त्या जागी खडूने तपासून घेतलेला दुसरा घातला. पुढच्या रविवारी कुठेच जायचं नव्हतं, तरी आम्ही तिघं निघालो. या वेळी बाबाच चालवत होते, आई पुढे त्यांच्या शेजारी, आणि मी मागे दात वाजवत. गावाबाहेर पडलो, रस्ता मोकळा झाला. मी मागून मान पुढे काढून काट्याकडे बघत होते. चाळीस झाले. पंचेचाळीस. पन्नास. काटा पन्नासच्याही पुढे गेला आणि बाबांनी स्टिअरिंग इतकं सैल धरलं होतं की नुसती बोटं टेकवली होती म्हणायला हरकत नाही. त्यांचा डावा हात गिअरवर होता. आईने आपला हात त्या हातावर ठेवला. आमच्याकडे असं काही करायची पद्धत नव्हती, आई-बाबा देवळातसुद्धा दोन हात अंतर ठेवून चालत. आधी तिने तो तपासायला ठेवला असावा, कारण ती डोळे मिटून बसली होती. थरथरत नाहीये अशी तिची खात्री पटली, तिने डोळे उघडले, समोर रस्त्याकडे बघायला लागली. हात तिने काढला नाही. बाबांनीही बराच वेळ गिअर बदलला नाही.